वाढत्या मापाचा कोट

आत-बाशीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मी फळ्यावर लिहिलं: कथानक.
खडू दमट. ‘क’ तेवढा उमटला,
बाकीचं पोरांनी अंदाजाने वाचलं.
शेगडीत गोवऱ्या धुमसत होत्या,
धुराने पहिल्या बाकाला खोकला,
शेवटच्या बाकाला नुसतीच थंडी.

गोष्ट सांगा कोणीतरी, म्हटलं.
बुरुलचा उठली.
निळा कोट, बाह्या बोटांच्याही पुढे.
“रविवारी वडिलांनी आमची घोडी बाजारात विकली.”
आणि बसली.

ही तर घटना झाली, मी म्हटलं,
का विकली ते आलं की कथानक होईल.
तिने बटण चाळवलं.
“थंडी होती.”

मग पोरांना चेव चढला.
संघर्ष! तोक्तोसून ओरडला,
बाप विरुद्ध गिऱ्हाईक, तीन तास घासाघीस!
नाही, ती म्हणाली.
मग कोणाकोणात?
“माझ्यात आणि ह्या कोटात.”

माझ्या पुस्तकात तक्ता आहे:
माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध निसर्ग,
माणूस विरुद्ध स्वतः.
कोटासाठी रकाना नाही.
मी पान उलटल्यासारखं केलं.

“शनिवारी रात्री कंदील धरून
वडिलांनी तिचे दात पाहिले.
मला वाटलं, दाढ दुखत असेल तिची.”
ह्याला पूर्वसूचन म्हणतात, मी सांगितलं,
पुढे काय होणार त्याची आधी पडलेली सावली.
“तेव्हा नव्हतं म्हणत,” बुरुलचा म्हणाली.
“आत्ता म्हणतात.”
मी हे वहीत लिहून ठेवलं, माझ्या.

“ट्रकमध्ये चढताना तिने वळून पाहिलं.”
खोटं! मागून तिचा चुलतभाऊ एसेनबाय,
मी होतो तिथे! सरळ चढली,
तोंडात जव होते, मान खाली!
वर्ग हसला. ती नाही.

अविश्वसनीय निवेदक हा धडा
दोन आठवड्यांनी होता. मी खिडकीबाहेर पाहिलं.
डोंगर जिथल्या तिथे.
दर शुक्रवारी येकातेरिनबुर्गहून फोन येतो:
पगार वेळेवर आहे, खोली उबदार आहे,
खोकला? छे, धूळ गेली असेल घशात.
त्या निवेदकाला मी ओळखते,
त्याच्या एकाही वाक्याला लाल शाई लावलेली नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरचा झानीश,
पाठ करून आलेला, हात हवेत:
बाई, कोट म्हणजे प्रतीक!
घोडीचं प्रतीक!
बुरुलचाने त्याच्याकडे असं पाहिलं
की त्याचा हात आपोआप उतरला.
“कोट आहे तो,” ती म्हणाली. “आत लोकर आहे.”

घंटा झाली.

रात्री वह्या तपासल्या.
आरंभ: कंदील. मध्य: बाजार.
उत्कर्षबिंदू, असं लिहून तिने
‘बिंदू’च्या पुढे खरोखरच एक टिंब दिलं होतं,
टोक रुतेल इतकं दाबून; पाठच्या पानावर उंचवटा.
शेवट: आणि ओळ कोरी.
मला वाटलं, विसरली.
मग खाली, बारीक अक्षरात:
ती कुठेतरी आहे अजून, म्हणून.

गुण काय द्यावेत?
चहा निवला. नुसती सही केली.

सकाळी व्हरांड्यात गाठली तिला.
बाह्या दोनदा दुमडलेल्या, तरी लोंबतच.
एवढा मोठा का घेतला ग?
“वडील म्हणाले, आत्ता नाही बसणार.
नववीपर्यंत बसेल.”
तिने नाक पुसलं, अर्थातच बाहीला,
आणि पळाली.

मी वर्गात गेले. गोवऱ्या पेटत नव्हत्या.
शेगडीच्या कडेला खडू वाळत ठेवला होता काल,
तो घेतला,
आणि उरलेले शब्द लिहायला लागले,
मोठ्या अक्षरात.